सरकारी कार्यालयात सादरीकरण: तुमचा अनुभव सांगा

पंचगंगाकाठ

ग्रामपंचायतींच्या पाणी योजनांसाठी क्लोरीन सोडणारे डोझर बनवायचा आमचा छोटा कारखाना आहे. गिऱ्हाईक सगळं सरकारी. टेंडर कसं भरायचं हे सांगणारे खूप भेटतात, पण त्याआधी साहेबांसमोर उभं राहून काय बोलायचं हे कुणी सांगत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी इथे लिहावं. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

पहिल्याच वर्षी एका जिल्हा परिषदेत बोलावणं आलं. सभागृहात वीसेक माणसं. मी उत्साहाच्या भरात तिथल्याच नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे, थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. झालं नाही. नळी उंच धरून मी म्हणालो, "बघा साहेब, इथेच क्लोरीन नाही." मला वाटलं, याहून चांगला पुरावा कोणता? पण हाताखालच्या लोकांदेखत मी त्या माणसाचा पाणउतारा केला होता. चहा आला, आभार मानले गेले आणि आमचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

पुढच्या खेपेला दुसऱ्या जिल्ह्यात एका गावच्या जलसुरक्षकालाच सोबत नेलं. त्यानं दोन बाटल्या आणल्या होत्या, एक टाकीजवळच्या नळाची, एक शेवटच्या गल्लीतली. थेंब त्यानंच टाकले. पहिली गडद पिवळी, दुसरी पांढरीफटक. तो म्हणाला, "मी रोज सकाळी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो साहेब, तरी शेवटच्या घरी पोचत नाही. आणि टाकीजवळचे लोक वास येतो म्हणून भांडतात." शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, एवढंच मी पुढे जोडलं. पावसाळ्याआधी आपल्या गावाला पाणी धोक्याचं ठरवणारं लाल कार्ड मिळू नये ही काळजी तिथे प्रत्येकाला होती, त्यामुळे यंत्राबद्दल फार बोलावंच लागलं नाही. गटविकास अधिकाऱ्यांनी एकच विचारलं, "पैसे कुठून?" पंधराव्या वित्त आयोगाचा पाणी-स्वच्छतेचा बंधित (त्याच कामासाठी राखलेला) निधी, हे उत्तर मी घरून पाठ करून गेलो होतो.

निवृत्त_लेखा

टेबलाच्या पलीकडून लिहितो. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात नोकरी झाली, शेकडो सादरीकरणं पाहिली.

बहुतेक विक्रेते साहेबांकडे बघून बोलतात. साहेब मान डोलावतात, छान म्हणतात आणि निघून जातात. मग संध्याकाळी कोपऱ्यात बसलेला लिपिक टिप्पणी लिहायला घेतो. त्याला लिहायचं असतं: गरज काय, तरतूद आहे का, कोणतं लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा), खरेदी कोणत्या पद्धतीनं, तांत्रिक मान्यता कुणाची. तुमच्या तीस स्लाईडमधून यातलं एकही वाक्य त्याला उचलता आलं नाही, तर फाईल तिथेच बसते. त्यात त्याचा आळस नसतो. चार वर्षांनी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर खुलासा त्यालाच द्यावा लागतो, तेव्हा तुम्ही नसता.

राज्य शासनाची १ डिसेंबर २०१६ची खरेदी नियमपुस्तिका एकदा तरी वाचा. आम्ही कशाला घाबरतो ते तुम्हाला कळेल.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतो. "साहेब, स्पेसिफिकेशन आम्ही तयार करून देतो" असं म्हणून फक्त तुमच्याच मालाला बसेल असा कागद पुढे करू नका. प्रामाणिक माणूस तो पाहून सावध होतो आणि मग तुमच्या खऱ्या मुद्द्यांवरही विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा काम काय व्हायला हवं ते लिहून द्या: किती लिटरला, किती तास, वीज गेल्यावर काय. आणि निविदा निघाल्यावर एकट्यानं भेटायला येऊ नका. शंका निविदापूर्व बैठकीत विचारा. त्यावर काही बदल झाला तर शुद्धिपत्रक निघतं आणि ते सगळ्यांना सारखं दिसतं.

टॉवेलवाली_सोलापूर

लेखाकाका, तुमचं वाचून मला माझी पहिली बैठक आठवली. आमचे चार लूम आहेत, रुग्णालयांसाठी चादरी आणि टॉवेल करतो. केंद्र सरकारच्या एका कंपनीनं छोट्या उद्योजकांना बोलावलं होतं. केंद्राच्या धोरणात लघुउद्योगांकडून २५ टक्के खरेदी आणि त्यात महिलांसाठी ३ टक्के आहेत, हे मी वाचून गेले होते. उभी राहिले आणि तेच बोलत सुटले. आम्ही महिला, आमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), आम्हाला बयाणा रकमेत, म्हणजे निविदेसोबतच्या अनामतीत, सूट.

समोरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ताई, ते आम्हाला माहीत आहे, ते आम्हाला करायचंच आहे. माल दाखवा."

माझ्या पिशवीत एकच टॉवेल होता, तोही पॉलिथिनमध्ये शिवलेला.

तेव्हापासून मी सोबत छोटा काटा आणि कात्री नेते. सगळ्यांसमोर टॉवेलचा दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापते आणि काट्यावर ठेवते. साडेचार ग्रॅम भरले की साडेचारशे जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम. शंभरनं गुणायचं, बास. तुकडा हातोहात फिरतो. त्याच्या शेजारी पन्नास वेळा धुतलेला तुकडाही ठेवते. त्याचा रंग थोडा उतरलेला असतो, तो मी लपवत नाही. रुग्णालयातली लाँड्री कशी असते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. एका ठिकाणी भांडारपालांनी तो धुतलेला तुकडा मागून घेतला आणि स्टेपलरनं फाईललाच लावला. नवा परत दिला.

दराचं मी तिथे बोलतच नाही. तो जेमवर (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर) दिसतोच. आणि केंद्राच्या खरेदीत आपला दर सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत असला, तर त्या दराला उतरून ठरावीक वाटा घ्यायची संधी आपल्याला असते. पण त्यासाठी आधी मालात पास व्हावं लागतं.

मुळामुठा

माझा विषय सॉफ्टवेअर, म्हणून थोडक्यात. अर्धा तास मिळाला म्हणून अर्ध्या तासाचं तयार करू नका. साहेबांना व्हीसीला (व्हिडिओ बैठकीला) बोलावणं येतं आणि तुमच्या हातात सात मिनिटं उरतात. सात मिनिटांचं वेगळं बसवून ठेवा. प्रोजेक्टरची वायर जुनी निघते, म्हणून छापील प्रती हव्यातच, आणि मराठीत. मी एकदा इंग्रजी स्लाईड मराठीतून समजावत होतो, तेव्हा मागे बसलेल्या विस्तार अधिकारी मॅडम वहीत स्वतः भाषांतर करून घेत होत्या. ते बघून फार वाईट वाटलं. ते काम माझं होतं.

सिव्हिलचा_रस्ता

वैद्यकीय उपकरणं विकतो. डॉक्टर अचूकतेबद्दल विचारतात, बायोमेडिकल इंजिनिअर सुट्ट्या भागांबद्दल. खरा प्रश्न मात्र वॉर्डातल्या सिस्टर विचारतात: "लाईट गेल्यावर किती वेळ चालतं? बंद पडलं तर फोन कुणाला करायचा?" आधी बसवलेल्या रुग्णालयांची यादी देताना मी एक नाव मुद्दाम असं घालतो, जिथे मशीन बिघडलं होतं आणि आम्ही दुरुस्त केलं. लोक तिथेच फोन लावतात.

गोदाकाठचा_नवखा

गुरुवारी नगरपरिषदेत सादरीकरण आहे. ओल्या कचऱ्याचं खत करायचं यंत्र. ते टेम्पोत घालून नेऊ का?

पंचगंगाकाठ

यंत्र राहू दे. त्यांच्याच गावच्या मंडईतल्या कचऱ्याचं तयार खत ने, बरणीत. आणि मुख्याधिकाऱ्यांच्या आधी स्वच्छता निरीक्षकांना भेट. कचरा रोज त्यांच्या हातून जातो.

गोदाकाठचा_नवखा

जाऊन आलो. ११ची वेळ होती, अडीचला आत घेतलं. बरणी फिरली, सगळ्यांनी वास घेऊन बघितला. निरीक्षकांनी विचारलं, "मंदिराचं निर्माल्य येतं, त्यात नारळाच्या करवंट्या असतात. चालतील?" चालत नाहीत, पाती तुटतात, असं खरं तेच सांगितलं. वाटलं, संपलं. ते म्हणाले, "आजवर आलेले सगळे चालतं म्हणाले." लिपिक साहेबांनी माझा नंबर घेतलाय.

निवृत्त_लेखा

उद्याच लेखी द्या. काय चालतं आणि काय चालत नाही, दोन्ही एकाच कागदावर, सहीशिक्क्यासह.