लायसन्स आहे पण हायवेवर चालवायची भीती वाटते, पुण्यात नीट शिकवणारं कोणी सुचवाल का?

सायली_कोथरूड
नमस्कार मंडळी. लायसन्स कधीचं आहे पण गाडी कायम नवराच चालवायचा, आता तो कामासाठी बाहेरगावी असतो आणि आईला दर महिन्याला वाईहून पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणावं लागतं. गावात चालवते, कर्वे रोडवरच्या ट्रॅफिकचीही सवय झालीय, पण सातारा रोडला लागायचं म्हटलं की हात घामेजतात. परत क्लास लावला तर सर शेजारी बसून त्यांच्या बाजूचा क्लच ब्रेक स्वतःच दाबतात, त्यामुळे गाडी मी थांबवली का त्यांनी हेच कळत नाही, आणि काही विचारलं की म्हणतात मॅडम टेस्टला एवढंच लागतं. मला टेस्ट द्यायचीच नाहीये हो, मला आईला बसवून खंबाटकी घाट उतरायचाय. असं शिकवणारं कोणी आहे का? गाडी मॅन्युअल आहे.

मीनल_एम
सायली, क्लास बदल. फोनवरच विचार की माझ्या स्वतःच्या गाडीवर शिकवाल का, हायवेवर आणि घाटात न्याल का, अंधार पडल्यावर एखादा राउंड होईल का. तिन्हीला हो म्हणणारे थोडे आहेत पण आहेत, माझ्या जावेला असेच एक मिळाले, ते फक्त बोलायचे, स्टेअरिंगला हात लावायचे नाहीत. शिवाय नाशिक फाट्याजवळ भोसरीला आयडीटीआर म्हणजे ड्रायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, आपल्याकडची चारचाकीची टेस्ट जिथे होते ना तेच. तिथे ट्रेनिंगचं विचारून बघ, चढ, एच आकाराचं वळण, पार्किंग सगळ्याचा ट्रॅक बांधलेला आहे.

अमेय_पिंचि
शक्य असेल तर ऑटोमॅटिक घ्या, अर्धं टेन्शन तिथेच संपतं.

एसटी_रिटायर्ड
अमेय, ऑटोमॅटिक चांगलीच, पण उतार तिलाही चुकत नाही. डी म्हणजे नेहमीच्या ड्राइव्ह गियरमध्ये सोडून नुसता ब्रेक दाबत उतरलं तर तिचेही ब्रेक तापतात, मॅन्युअल मोड नाहीतर एल म्हणजे लो गियर वापरावाच लागतो.

सायलीताई, तुमचा रस्ता माझ्या पायाखालचा आहे, नोकरीची बरीच वर्षं सातारा डेपोतच गेली. जाताना खंबाटकी चढायचा, येताना बोगदा. चढताना गाडी गुरगुरायला लागली की लगेच खालचा गियर टाका, अ‍ॅक्सिलरेटर दाबून रेटू नका. डाव्या लेनला रहा, मागचा हॉर्न वाजवतो म्हणून घाई करू नका, त्याला जायचं तर तो जाईल. समोर लोड ट्रक असेल तर त्याच्या मागे भरपूर जागा सोडा, चढावर थांबून परत उठताना तो थोडा मागे येऊ शकतो. तुम्हालाच थांबावं लागलं तर हँडब्रेक ओढा, क्लच हळू सोडा, गाडीचं नाक किंचित उचललं की मग हँडब्रेक सोडा. हे एवढं सोसायटीच्या रॅम्पवर घोटून घ्या, घाटात सुचत नाही.

माथ्यावरून सुरूरकडे, म्हणजे वाईच्या बाजूला, उतरताना ज्या गियरात चढलात साधारण त्याच गियरात उतरायचं. इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक सारखा पाय ठेवून घासायचा नाही, वेग वाढला की नीट दाबायचा, कमी झाला की सोडायचा. जळका वास आला तर थांबण्यासारखी सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि थंड होऊ द्या, चाकांवर पाणी मारू नका. आणि न्यूट्रल कधीच नाही. डिझेल वाचतं म्हणून काही ट्रकवाले न्यूट्रल मारतात आणि ब्रेक तापून गेले की मग धरायला काहीच उरत नाही.

येताना दोन जागा ध्यानात ठेवा. बोगदा संपला की खंडाळ्याकडे (लोणावळ्याचं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं) उतार आणि एस वळण, वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. दुसरी जागा कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल. तो उतार डोळ्याला जाणवत नाही इतका लांब आहे, नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथेच एका ट्रकने कितीतरी गाड्या उडवल्या. पाटीवरचा वेग पाळा आणि आरशात मागे बघत रहा, मागून अवजड वाहन जोरात येताना दिसलं तर इंडिकेटर देऊन आधीच त्याच्या वाटेतून बाजूला व्हा.

कॅज्युअल्टी_सिस्टर
काकांनी घाटाचं सगळं सांगितलं, मी गाडीच्या आतलं सांगते. ताई, आई मागे बसणार असतील तर त्यांना बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलवू नका. आमच्याकडे येणाऱ्यांत 'मागे होतो म्हणून लावला नाही' म्हणणारे फार असतात, मागचा माणूस न बांधलेला असेल तर तो पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो, म्हणजे पुढच्याचा बेल्टही पुरा पडत नाही. सायरस मिस्त्री गेले ते सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ, मागेच बसले होते आणि बेल्ट नव्हता. त्या वर्षी देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, बेल्ट न लावलेल्यांत १६,७१५, आणि त्यातले जवळजवळ निम्मे ड्रायव्हर नव्हते, नुसते बसलेले होते. आकडा वाचून मला अजून राग येतो कारण हे टाळता येतं. वयस्कर माणसांना पट्टा गळ्याला काचतो म्हणून ती तो काखेखालून घेतात, तसं करू देऊ नका, खांद्यावरूनच हवा आणि खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा.

आणि कुठे अपघात दिसला तर १०८ ला फोन करा, घाबरू नका. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ आलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही.

मीनल_एम
+१ सिस्टर. सायली, अंतराचं पण लिहिते. ऐंशीच्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, म्हणजे तुझा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत तेवढं अंतर गेलेलंच असतं. पुढची गाडी एखाद्या पाटीजवळून गेली की मनात एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन म्हणायचं, त्याआधी तू पाटीला पोचलीस तर फार जवळ आहेस. पावसात अजून वाढव. मध्ये कोणी घुसेल, घुसू दे, परत मागे रहा. आणि बोगद्यात चारी इंडिकेटर लावून चालवू नकोस, लेन बदलताना मागच्याला काही कळत नाही, साधे हेडलाइट लाव.

सायली_कोथरूड
किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. काका, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं. भोसरीला उद्याच फोन करते आणि रॅम्पवर हँडब्रेकची प्रॅक्टिस आजपासून. एकच विचारायचं राहिलं, पहिल्यांदा आई नसताना जावं ना? आणि कुठल्या वेळेला?

एसटी_रिटायर्ड
आईंना नका नेऊ पहिल्यांदा. शेजारी चालवणारं, शांत डोक्याचं माणूस घ्या. आधी नुसतं शिरवळपर्यंत जाऊन परत या, म्हणजे नवले पुलाचा उतार हाताखालून जाईल, तो बसला की मग घाट. मधल्या वारी सकाळी निघा, उजेडात. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे येऊ नका, सगळे घाईत असतात. निघायच्या आदल्या दिवशी हवा चेक करा, स्टेपनीची पण.