घराच्या बोळात १० मीटर एअर रायफलची रेंज बसवायची आहे: मोजमाप, पेटी, हवा आणि शिसं

माजघर:
मुलगी आठवीत आहे, पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची) एअर रायफल खेळते. रेंज जिल्ह्याच्या गावी, एसटीने दीड तास. त्यामुळे रोजचा सराव घरीच करायला हवा. घर जुनं, लांबोडकं. पडवी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी असे सगळे दरवाजे एका ओळीत, आणि भिंत ते भिंत १२.४ मीटर भरतं. दुसरी जागा म्हणजे डाव्या अंगाचा पत्र्याचा बोळ. तो ११.६ मीटर लांब, १.३ मीटर रुंद. तिथे वॉशिंग मशीन, कपड्यांच्या दोऱ्या आणि पाणी तापवायचा बंब आहे. दोन्हींपैकी कुठे बसवावी? गोळ्या अडवायला मागे काय लावतात? एक जुनी पीसीपी (सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल मिळते आहे, तिच्यात हवा गावात कुठून भरायची? आणि सासूबाई याच बोळात उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळत घालतात, त्याचं काय?

शून्य_क्लिक:
ताई, घरातून आरपार रेंज काढू नका. १२.४ मीटर कितीही मोहात पाडो, मधले दरवाजे म्हणजे कोणीही कधीही आडवं येणार. कडी लावायची विसरण्यासारखी दुसरी सोपी गोष्ट नाही. बोळच घ्या. त्यातही नेमबाज कुठल्या टोकाला उभा राहणार हे आधी ठरवा. घरात यायचे-जायचे सगळे दरवाजे त्याच्या पाठीमागे पडले पाहिजेत आणि टार्गेट बंद भिंतीच्या टोकाला. बोळाच्या मध्ये एखादा दरवाजा उघडत असेल तर त्याला बोळाच्या बाजूने अडसर लावा. घरातून तो उघडताच येऊ नये.

लांबी पुरते. फायरिंग लाइनपासून टार्गेटच्या कागदापर्यंत १० मीटर, त्यात ५ सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. मागे पेटीला ३० सेंमी, उभं राहायला मीटरभर. रुंदीही ठीक आहे, कारण स्पर्धेतली एक जागा १ मीटरची असते. मोजायला शिवणाची कापडी टेप नको, ती ताणते. स्टीलची घ्या.

टार्गेटचा मध्य १.४० मीटरवर हवा, तोही ५ सेंमी कमीजास्त चालतो. इथे बहुतेकांची चूक होते. ही उंची नेमबाजाच्या पायाखालच्या फरशीपासून धरायची असते, टार्गेटखालच्या नव्हे. बोळाला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, दहा मीटरमध्ये तो सहज दहा-बारा सेंमी होतो. गवंड्याची लेव्हलची नळी पाणी भरून धरली की दोन मिनिटांत कळतं. उतार सोडून दिला तर मुलगी रोज चुकीच्या उंचीवर पोझिशन बांधेल आणि खऱ्या रेंजवर गेली की रायफल टार्गेटच्या वर किंवा खाली जाऊन थांबेल.

पेटी फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. ३ मिमी जाडीची लोखंडी प्लेट, वरची कड पुढे झुकेल अशी ४५ अंशांत, म्हणजे गोळी खाली ट्रेमध्ये पडते. तोंड ३० बाय ३० सेंमी. प्लेट सरळ उभी लावलीत तर शिशाचे तुकडे थेट मागे येतात. टार्गेट नुसत्या प्लायवरही लावू नका, त्यावरून गोळी उसळते. पेटीच्या मागे-बाजूला १८ मिमी प्लायचा १ मीटर बाय १ मीटरचा तक्ता लावा आणि त्याच्यापुढे जुनी गादी किंवा जाड रग सैल टांगा. ते फक्त चुकलेल्या गोळीसाठी. लोखंडाचा ‘ठण्ण’ आवाज शेजाऱ्यांना खुपतो, म्हणून प्लेटच्या पाठीला कन्व्हेयर बेल्टचा तुकडा चिकटवा. साखर कारखान्याच्या भंगारात मिळतो. स्टीलचे गोल छर्रे मात्र या पेटीत कधीच नकोत. ते जितक्या जोरात जातात जवळजवळ तितक्याच जोरात परततात.

आता प्रकाश. टार्गेटवर किमान १५०० लक्स (उजेडाचं माप), बाकी बोळात ३०० च्या पुढे. दोन १० वॉटचे एलईडी टार्गेटच्या पुढे-वर ४०-५० सेंमीवर, पुढून लाकडी पट्टीची आड देऊन लावा, म्हणजे दिवा डोळ्यांत येत नाही आणि गोळीही लागत नाही. पत्र्यात मध्ये पारदर्शक शीट असेल तर सरावाच्या वेळी झाका. ढग आला-गेला की पीपमधून काळा गोळा वेगळा दिसतो आणि गोळ्यांचा गट वर-खाली सरकतो, मुलगी मात्र साइट फिरवत बसते. बाजूच्या जाळ्याही बंद हव्यात. रायफलच्या टार्गेटला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि दोन रिंगांत अंतर २.५ मिमी. साधी आडवी झुळूकही एक रिंग खाते.

दोनशे_बार:
हवेबद्दल. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जेमतेम ८-१० बार दाब देतो, मॅच (स्पर्धेच्या) रायफलच्या सिलिंडरला २०० लागतात. आणि हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: वेल्डिंगवाल्याकडच्या ऑक्सिजनमधून कधीही भरायचं नाही. ‘दाब तर आहे ना’ म्हणून देणारे भेटतात. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आत जरासं तेल-ग्रीस, एवढ्यावर स्फोट होतो. याच कारणासाठी ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) शिवणयंत्राचं तेल किंवा गाडीचं ग्रीस लावत नाहीत, फक्त सिलिकॉन ग्रीस.

घरासाठी हातपंप पुरतो, पण ओलावा अडवणारा फिल्टर असलेलाच घ्या. पावसाळ्यात हा फिल्टर नसेल तर सिलिंडरमध्ये पाणी साठतं आणि आतून गंजतं. ५०-६० हात मारले की पंप गार होऊ द्या, तापलेल्या पंपाची सीलं जातात. भरून झाल्यावर आधी ब्लीड स्क्रू सोडायचा, म्हणजे नळीतली उरलेली हवा निघून जाते, मग सिलिंडर काढायचा. सिलिंडर पूर्ण रिकामा ठेवू नका, साधारण १०० बारच्या खाली गेला की भरा. गेजचा आकडा गोळ्या वेगळ्या लागायला लागण्याच्या आधी बघायचा असतो.

जुनी रायफल घेताना बॅरलच्या आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. बनवल्यापासून १० वर्षं, त्यापुढे तो स्पर्धेत चालत नाही आणि घरीही वापरू नये. नवा सिलिंडर महाग पडतो आणि जुन्या मॉडेलचा सहज मिळत नाही. तारीख उलटलेली असेल तर तेवढी रक्कम भावातून कापून घ्या, नाहीतर रायफल सोडा.

ओलं_फडकं:
कुरडया-पापड त्या बोळात आता नाही. गच्चीवर हलवा, यात तडजोड नको.

गोळी शिशाची, साधारण ०.५३ ग्रॅमची. ६० गोळ्यांचा सराव म्हणजे ३२ ग्रॅम शिसं, आणि प्लेटवर आपटताना त्यातलं थोडं पूड होऊन पेटीच्या तोंडाशी बसतं. तिथे केरसुणी फिरवली की ती पूड हवेत. म्हणून झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. ते फडकं, ती बादली बोळातच राहील, घरातल्या फरशीला लागणार नाही. साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, तो बारीक पूड मागून बाहेर फेकतो. पेटीतलं शिसं आठवड्याला झाकणाच्या डब्यात भरा, डबा भरला की भंगारवाल्याला द्या. वितळवून वजनं-बिजनं करायचा उद्योग घरच्या गॅसवर अजिबात नको.

कपड्यांच्या दोऱ्या नेमबाजाच्या पाठीमागच्या टोकाला न्या. ओले कपडे लायनीत लोंबत असतील तर धोका वेगळाच, पण धुतलेल्या कपड्यांवर पूड बसणं हेही नको. सराव संपला की साबणाने हात, मगच खाणं. सॅनिटायझरने शिसं जात नाही. गोळ्या तोंडात धरायची सवय काही मुलांना असते, तिच्यावर लक्ष ठेवा. घरात रांगतं मूल किंवा गरोदर बाई असेल तर बोळातल्या चपला बोळातच.

शूटिंग जॅकेटही याच खात्यात. कॅनव्हास-चामड्याचं, मशीनमध्ये घालायचं नाही आणि उन्हात टाकायचं नाही, कडक होतं. कापड ताठ झालं तर इक्विपमेंट कंट्रोलमध्ये (स्पर्धेतल्या साहित्य-तपासणीत) बाद होऊ शकतं. ओल्या फडक्याने पुसून सावलीत, रुंद हँगरवर. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून बंद कपाटाऐवजी पंख्याखाली. आतला सुती टी-शर्ट मात्र रोज धुवा, जॅकेट घाणेरडं होतं ते घामानेच.

माजघर:
बोळच नक्की केला. बंबाजवळच्या भिंतीत दरवाजा नाही, तिकडे टार्गेट लावते. बंब काढून घेऊ. परवान्याचं विचारायचं राहिलं. आणि रोज किती गोळ्या?

शून्य_क्लिक:
४.५ मिमी बोअर (नळीचं भोक) आणि २० ज्यूलच्या आतली ऊर्जा असेल तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. मॅच रायफल १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, म्हणजे साडेसात ज्यूल. खरेदीची पावती जपून ठेवा. स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसला कांस्य मिळवल्यापासून ‘त्याचीच रायफल घरी चालेल का’ असं बरेच पालक विचारतात. ती .२२ ची, ५० मीटरची स्पर्धा. तिला परवाना लागतो आणि ती घरी होत नाही. बोळाबाहेर पारव्यांवर, चिमण्यांवर नेम धरणं हे तर सरळ वन्यजीव कायद्याखाली येतं. भावंडांना आधीच बजावा.

गोळ्यांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. घरी रोज स्पर्धेइतक्या ६० मारू नका. ३०-४० मिनिटं ड्राय फायर, म्हणजे गोळी न घालता पोझिशन, श्वास, ट्रिगर आणि चाप ओढल्यावरही दोन सेकंद नजर तशीच. शेवटी वीस गोळ्या, प्रत्येक टार्गेटवर एक. रायफलमध्ये ड्राय फायरची कळ असते, ती लावल्याशिवाय रिकामी हवा मारू नका. स्प्रिंगची रायफल असेल तर रिकामा चाप ओढायचाच नाही, पिस्टन कुशनविना आपटतो.

दोनशे_बार:
ड्राय फायरचं पटलं, वीस गोळ्यांचं नाही. स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात आठवड्याला एकदा घड्याळ लावून पूर्ण ६० माराव्यात. कागदी टार्गेटवर ९० मिनिटं मिळतात, इलेक्ट्रॉनिकवर ७५. मुली चाळिसाव्या गोळीनंतर घाई करतात, ते वीस गोळ्यांत कधी दिसणारच नाही.

सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) विकत नाही घेतला तरी चालेल. गवत कापायच्या मशीनची भगवी नायलॉन दोरी, २.४ मिमीची, बॅरलमधून जाऊन दोन्हीकडे बाहेर दिसेल एवढी कापा. पेटीजवळ जायच्या आधी दोरी आत, रायफल खाली, मगच पाय पुढे. रायफल कुलपाच्या कपाटात आणि गोळ्यांचा डबा दुसऱ्या कपाटात.