सीओटू वेल्डिंगच्या टिपा पाळीला चार-चार जाताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. उसाच्या ट्रॉल्या बनवतो. दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात, त्याआधी ट्रॉल्या द्यायच्या असतात. नेमकं आत्ताच गनच्या टिपांनी (टिप म्हणजे गनच्या तोंडाची तांब्याची छोटी नळी, जिच्यातून वायर बाहेर येते आणि वायरीला करंट मिळतो) जीव खाल्लाय.

मशीन ४०० अँपिअरचं, गन हवेवर थंड होणारी, वायर १.२ मिमी. चासीला करंट २६०च्या आसपास. पूर्वी एक टिप दोन दिवस निघायची. आता आधी आर्क फडफडतो, मग वायर थबकते आणि टिपेच्या तोंडालाच वितळून चिकटते. काढलेली टिप उजेडात धरली तर भोक एका बाजूला लांबट झालेलं दिसतं.

बदललं एवढंच, की स्पॅटर (वितळलेल्या धातूचे उडणारे थेंब) कमी व्हावा म्हणून शुद्ध सीओटू सोडून ८० टक्के आर्गॉन, २० टक्के सीओटू असा मिक्स गॅस घेतला. स्पॅटर खरंच कमी झाला. दुकानदाराच्या सांगण्यावरून १.२ऐवजी १.४ मिमी मापाची टिप लावली, तर आर्क आणखी बिघडला.

टिपांचा खर्च सोसेन. पण दर वेळी जोड मधेच तुटतो, आणि तिथून पुन्हा धरलेल्या वेल्डची मला खात्री वाटत नाही. त्या ट्रॉल्या ऊस भरून भर रस्त्याने जातात. काय तपासू?

प्रतिसाद

दादा, १.४ची टिप आजच काढा. सैल भोकात वायर कधी टेकते, कधी सुटते. करंट धड पोचत नाही आणि आतच ठिणग्या पडतात.

गन किती करंट सोसते त्याचे गनवर सीओटू आणि मिक्स गॅससाठी वेगवेगळे आकडे असतात. मिक्स गॅसचा कमी असतो, कारण त्यात गन जास्त तापते. पुढे ६० टक्के लिहिलं असेल तर त्या करंटला दहा मिनिटांत सहाच मिनिटं आर्क. तापलं की साधं तांबं मऊ पडतं आणि वायर ते खरवडत जाते. क्रोम-झिर्कोनियमची टिप लावून बघा, ती तापूनही टणक राहते. आणि टिप पान्याने कसा, नुसती हाताने नको.

वायर पुढे ढकलणारे रोलरही बघा. वायरीवर चेपल्याच्या खुणा असतील तर दाब जास्त आहे. लायनर (गनच्या केबलमधली, वायर जिच्यातून जाते ती नळी) काढून हवा मारा.

धागाकर्ता

मनापासून आभार. लायनर झटकला तर काळी भुकटी पडली आणि तिच्यात पांढरे धागे! शेजारी टॉवेलचे यंत्रमाग आहेत, त्यांचा कापूस उघड्या रिळावर बसून वायरीबरोबर आत जात होता. रोलरखाली तांब्याचा चुरा होता, म्हणजे दाबही जास्तच. तो कमी केला, रिळाला झाकण केलं, रोलरच्या आधी वायर पुसायला नमद्याचा तुकडा अडकवला. टिप पुन्हा १.२ची, क्रोम-झिर्कोनियमची.

काल अख्खी पाळी एका टिपेवर निघाली. लांब जोडांना मात्र गन अजून हाताला चटका देते. मिक्स गॅस सोडायचा नाही, म्हणून पाण्यावरची गन घ्यावी म्हणतोय. आमच्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, किटलीत पांढरा थर बसतो. अशा ठिकाणी कोणी ती गन वापरतंय का, आणि गनला पाणी फिरवणाऱ्या कूलरमध्ये काय भरता?