मदत हवी आहे: छताला आतून स्प्रे फोम मारावा का, आणि त्यानंतर घरात कधी परतावे?

नमस्कार. वरच्या मजल्यावरील पत्र्याच्या छताला आतून पॉलियुरेथेन स्प्रे फोम मारून घेण्याचा विचार आहे, कारण तो फटींमध्ये फुगून बसतो आणि उष्णतेबरोबर हवेची गळतीही अडवतो, जे ग्लासवूलला तितकेसे जमत नाही. क्लोज्ड सेल फोम (बंद सूक्ष्म कप्प्यांचा, घट्ट) तेवढ्याच जाडीत ओपन सेलपेक्षा (उघड्या कप्प्यांचा, मऊ) बराच जास्त उष्णतारोध देतो आणि ओलही सहसा आत घेत नाही; मात्र पत्रा गळू लागला तर गळती त्यामागे दडून राहील, अशी शंका वाटते. आपण काय निवडाल?

खरी काळजी वेगळीच आहे. हा फोम दोन रसायने मिसळून तयार होतो; त्यांपैकी फवारणीच्या वेळी हवेत येणाऱ्या आयसोसायनेट या रसायनामुळे दमा जडू किंवा बळावू शकतो, आणि माझ्या आईला तो आधीपासूनच आहे. कंत्राटदार दोन तासांत परत या म्हणतो (मला ते पटत नाही), तर उत्पादकांच्या सूचनांत बहुधा २४ तासांचा उल्लेख आढळतो. शिवाय एकाच वेळी जाड थर मारल्यास फोम आतून तापून पेटूही शकतो. तेव्हा थराची जाडी, दोन्ही रसायनांचे प्रमाण आणि वायुवीजन योग्य आहे की नाही, हे घरमालकाने प्रत्यक्ष कामाच्या वेळी कसे तपासावे? फोम उघडा न ठेवता त्यावर जिप्सम बोर्ड लावणे आपण केले असल्यास तोही अनुभव कृपया कळवावा.