मदत हवी आहे: फिफो पाळूनही जुना माल मागे राहतो, साठा जुळत नाही

भिवंडीतला सहा हजार चौरस फुटांचा गाळा. बिस्किटं, नूडल्स, साबण, अगरबत्ती मिळून साधारण ३५० आयटम. फोर्कलिफ्ट नाही, दोन हँड पॅलेट ट्रक (माल रचलेली फळी, म्हणजे पॅलेट, उचलून ओढायची हातगाडी) आहेत. अडचणी तीन:

१) फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी काढतो, तरी मुदत संपत आलेली खोकी मागून निघतात.
२) महिनाअखेरीस कॉम्प्युटरमधला साठा आणि प्रत्यक्ष माल जुळत नाही.
३) पावसाळ्यात थप्पीतली खालची खोकी चेपतात.

नवं सॉफ्टवेअर घ्यावं का?

प्रतिसाद १

सॉफ्टवेअर आत्ता नको. आधी प्रत्येक जागेला पत्ता द्या. गल्ली, रकाना, थर: ब-०३-२ म्हणजे ब गल्ली, तिसरा रकाना, दुसरा थर. जमिनीवरच्या थप्प्यांनाही पिवळे पट्टे मारून नंबर द्या. माल लावला की तिथेच पत्ता आणि बॅच लिहायची, संध्याकाळी आठवून नाही.

फिफोची गफलत अशी. २५ जूनला आलेल्या बॅचची मुदत फेब्रुवारीपर्यंत आहे आणि १० जुलैला आलेलीची डिसेंबरपर्यंत. कंपनीच्या डेपोतून जुनी बॅच नंतर निघाली की असं होतं. फिफोने तुम्ही फेब्रुवारीवाली आधी काढता आणि डिसेंबरवाली अडकते. खाण्याच्या मालाला फेफोच हवं, ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर. त्यासाठी आवक उतरवतानाच मुदत नोंदवा आणि पिकिंगच्या (ऑर्डरचा माल काढायच्या) चिठ्ठीवर आयटमसोबत बॅच आणि पत्ताही छापा. नुसतं नाव असेल तर हमाल हाताला लागेल तेच खोकं उचलणार, त्यात त्याची चूक नाही.

तफावत बहुतेक वेळा चोरीची नसते. बॉक्स आणि नग यांची गल्लत होते, स्कीमचा फुकट माल बिलात चढत नाही, परत आलेला माल नोंद न होताच रॅकवर जातो. परतीच्या मालाला वेगळा कोपरा ठेवा, नोंद झाल्याशिवाय तिथून काही हलवू नका.

महिनाअखेरची मोजणी थांबवून रोज थोडी मोजा. विक्रीच्या रकमेतला मोठा वाटा उचलणारे वरचे ७० आयटम आठवड्यातून एकदा, मधले १०५ महिन्यातून एकदा, उरलेले १७५ तिमाहीत एकदा. रोजचे १८-१९ आयटम होतात. मोजणाऱ्याला कॉम्प्युटरमधला आकडा दाखवू नका, दाखवला की मोजणी त्याच आकड्यावर येऊन थांबते. फरक सापडला की त्याच दिवशी कारण शोधा. महिन्याने ते सापडत नाही.

प्रतिसाद २

चेपण्याबद्दल. खोक्याचा भार मुख्यतः त्याचे चार कोपरे पेलतात. विटांसारखी आडवी-उभी थप्पी लावली की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मधोमध येतो आणि ताकद बरीच घटते. कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ रचा, फक्त वरचा एक थर आडवा घ्या आणि बाहेरून स्ट्रेच फिल्म (ताणली जाणारी प्लास्टिकची पट्टी) गुंडाळा. १२०० × १००० मिमीच्या पॅलेटबाहेर खोकं डोकावू देऊ नका, हवेत राहिलेला कोपरा भार घेत नाही.

दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो, म्हणून पावसाळ्यात खोक्यावर छापलेल्या मर्यादेपेक्षा एक-दोन थर कमी लावा. थेट फरशीवर काही ठेवू नका, भिंतीपासून दीड फूट सोडा. गळती, उंदीर, घूस, सगळं त्याच पट्ट्यात दिसतं. आणि साबण-अगरबत्ती बिस्किटांपासून लांब, गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला न्या. वास बिस्किटांना लागतो आणि मग तो माल परत येतो.

धागाकर्ता

गल्ली किती रुंद ठेवू?

प्रतिसाद १

हँड पॅलेट ट्रकला साडेसहा फूट धरा. पट्टे मारण्याआधी भरलेलं पॅलेट तिथे एकदा काटकोनात वळवून बघा, रिकामी गाडी वळवून कळत नाही. दारासमोर एक टेम्पोभर माल मांडता येईल एवढी जागा मोकळी ठेवा. तिथे मोजून मगच टेम्पोत चढवा, आणि ज्या दुकानात शेवटी उतरवायचा तो माल सगळ्यात आधी आत.