विषाणू निर्जीव, म्हणून विषय संपला?

सूक्ष्मदर्शी
वाटाड्या यांनी काल लिहिलं: "पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, प्रजनन, हालचाल, चेतनाक्षमता. यातलं एक जरी नसेल तर निर्जीव. विषाणूत जवळपास काहीच नाही. विषय संपला." एका ओळीत उत्तर देववेना, म्हणून हा वेगळा धागा.

विषय १९३५ पासून संपलेला नाही. त्या वर्षी वेंडेल स्टॅन्लीने तंबाखूच्या पानांना रोग पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक मिळवले. कोरडी पांढरी पूड, बाटलीत भरून ठेवता येईल अशी. तीच पाण्यात विरघळवून निरोगी पानावर चोळली की काही दिवसांत पानावर फिकट-गडद हिरवे चट्टे उमटतात. आता तुमची यादी लावायची कुणाला? बाटलीतल्या पुडीला, की पानात जे चाललंय त्याला?

"एक जरी नसेल तर" हा तर हट्टच झाला. मग खेचर निर्जीव, त्याला पिल्लं होत नाहीत. टार्डिग्रेड हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्राणी सुकून गोळा होतो तेव्हा श्वसन, हालचाल, पोषण सगळं ठप्प असतं. पाणी मिळालं की थोड्या वेळात आठही पाय हलायला लागतात. मधल्या काळात तो मेलेला होता का?

पात्रिक फोर्तेर या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाचं म्हणणं मला पटतं. पेशीबाहेरचा कण पाहून विषाणूला जोखूच नका. बाधित पेशी हीच त्याची जिवंत अवस्था, कण हे फक्त पसरायचं साधन.

वाटाड्या
खेचराचं उदाहरण दरवेळी येतं आणि दरवेळी चुकीचं असतं. खेचराच्या पेशी श्वसन करतात, अनेक पेशी विभागतात. तुम्ही प्राणी आणि पेशी यांची गल्लत करताय.

आणि फोर्तेरचा युक्तिवाद म्हणजे घरात शिरलेल्या चोरालाच घरमालक ठरवणं. आजवर सापडलेल्या एकाही विषाणूकडे स्वतःचा पूर्ण रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, नाही. प्रथिनं बनवायला दुसऱ्याची यंत्रणा लागते. यापुढे काय बोलायचं?

ऋतुपर्ण
बोलायचं बरंच आहे. क्लॅमिडिया आणि रिकेट्सिया हे जिवाणूसुद्धा दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढत नाहीत. त्यांना निर्जीव म्हणाल?

मिमीव्हायरस घ्या. १९९२ मध्ये अमीबात सापडला आणि जिवाणू समजून बाजूला ठेवला गेला. तो विषाणू आहे हे जाहीर झालं २००३ मध्ये! जनुकसंच सुमारे १२ लाख बेस जोड्यांचा, म्हणजे डीएनएतल्या अक्षरजोड्यांचा. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या जिवाणूचा जेमतेम ५.८ लाखांचा, आणि तो मात्र बिनतक्रार सजीव.

वाटाड्या
आकारावरून जीव ठरत नाही. रिकेट्सियाकडे रायबोसोम आहेत, मिमीकडे नाहीत. माझा मुद्दा तिथेच उभा आहे.

किण्व
मुळात ज्या तक्त्यात हे सगळं बसवायचं तोच जुनाट आहे. मोनेरा, प्रोटिस्टा, कवक, वनस्पती, प्राणी असा पाच सृष्टींचा तक्ता अजून पाठ करून घेतात. मला सगळ्यात राग येतो तो कवकांबद्दल, म्हणजे बुरशी-अळिंबीच्या गटाबद्दल. अळिंबी दिसली की लोक आजही वनस्पती म्हणतात. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन, तेच जे कीटकांच्या कवचात असतं. साठा पिष्टाचा नाही, ग्लायकोजेनचा, आपल्यासारखा. नात्याने ती झाडांपेक्षा आपल्या जवळची.

निशिगंध
राग चुकीच्या माणसावर काढताय. रॉबर्ट व्हिटेकर या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये पाच सृष्टी मांडल्या त्यातच कवकांना वनस्पतींपासून वेगळं केलं होतं. मी शिकवते, म्हणून सांगते: बुरशीचे तंतू भिंगाखाली दाखवले की मुलं हमखास विचारतात, "बाई, यात हिरवं काहीच कसं नाही?" तिथून परपोषी पोषणापर्यंत ती आपणच पोचतात. तो तक्ता हाताशी असतो म्हणून हे जमतं.

किण्व
आणि नावं? कवकांची नावं ज्या संहितेने ठरतात ती २०११ पर्यंत "वनस्पतिशास्त्रीय नामकरण संहिता" होती! मोनेराचं, म्हणजे केंद्रक नसलेल्या एकपेशीयांच्या सृष्टीचं, काय? १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवलं की त्यातला एक गट, आर्किया, जिवाणूंपासून मुळातच वेगळा आहे. तरी तक्त्यात दोन्ही एकाच खान्यात. प्रोटिस्टा, म्हणजे केंद्रक असलेल्या एकपेशीयांची सृष्टी, तर जे कुठेच बसत नाही ते कोंबायची जागा.

हा पुस्तकी वाद नाही. माझ्या नखाला बुरशी झाली तेव्हा महिनोन्महिने गोळ्या घेतल्या, मध्ये यकृतासाठी रक्ततपासणी. बुरशीची पेशी आपल्या पेशीसारखी, म्हणून तिला मारताना आपल्यालाही झळ लागते.

निशिगंध
तपासणी त्या औषधाच्या दुष्परिणामासाठी असते, ती नात्याचा पुरावा नाही. स्वतःच्या नखावरून जीवसृष्टीचं वर्गीकरण करू नका.

किण्व
बोलण्याची पद्धत बघा जरा. बुरशीवरची औषधं शोधणं अवघड का जातं, हे कुठल्याही सूक्ष्मजीवतज्ज्ञाला विचारा. तिच्या पेशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल हा मेदासारखा पदार्थ, आपल्यात त्याजागी कोलेस्टेरॉल. कितीतरी औषधं एवढ्याशा फरकावर उभी आहेत. जिवाणूंच्या बाबतीत असे फरक ढिगाने सापडतात.

निशिगंध
अर्गोस्टेरॉलचं बरोबर आहे. हे आधी लिहिलं असतं तर नखापर्यंत जावं लागलं नसतं. मोनेराबद्दलही तुमचं मान्य, पण म्हणून पहिल्या दिवशी आठवीच्या मुलापुढे रायबोसोममधला आरएनए, ज्यावरून हे ठरलं, तो मांडायचा का? मी नाही मांडणार.

वाटाड्या
किण्व यांनी माझंच काम केलं. वूझने जीवसृष्टीचा वृक्ष काढला तो रायबोसोममधल्या आरएनएची तुलना करून. विषाणूकडे रायबोसोमच नाही, म्हणून त्या वृक्षावर त्याला जागा नाही.

ऋतुपर्ण
रायबोसोमने मोजलं तर रायबोसोमवालेच मोजले जाणार! यातून विषाणू निर्जीव कसा ठरला? विषाणूंचं वर्गीकरण वेगळं होतं, कुल, प्रजाती, जाती सगळे स्तर लावून. आणि ते उत्क्रांत होतात. दगडाची जाती औषधाला दाद देईनाशी झाल्याचं पाहिलंय कुणी?

वाटाड्या
उत्क्रांत होतात, मी कधी नाही म्हटलं? पण बाधित पेशीतला चयापचय पेशीचा. विषाणूचा त्यात काडीचा वाटा नाही.

सूक्ष्मदर्शी
वाटा आहे. सागरातल्या सायनोबॅक्टेरियांवर (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंवर) जगणाऱ्या काही विषाणूंच्या जनुकसंचात पीएसबीए हे प्रकाशसंश्लेषणाचं जनुक असतं. संसर्ग झाल्यावर पेशीची स्वतःची प्रथिनं घटत जातात, तेव्हा विषाणूने आणलेल्या जनुकापासून तेच प्रथिन बनत राहतं आणि पेशी प्रकाश वापरत राहते. त्या ऊर्जेवर नवे विषाणू तयार होतात. हा चयापचय आता कुणाचा?

वाटाड्या
ते जनुक मुळात पेशीकडूनच उचललेलं आहे. पण "काडीचा वाटा नाही" हे शब्द मागे घेतो, तेवढेच. रायबोसोमचं उत्तर अजून कुणीही दिलेलं नाही.