फिजिसिस्टचं काम पहिल्या पेशंटच्या आधीच सुरू होतं
न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे पेशंटला किरणोत्सारी औषध देऊन स्कॅन काढतात त्या विभागात, स्कॅन मशीनच काढतं, मग तिथे फिजिसिस्ट कशाला, असं कुणीतरी विचारलंय. अहो, पहिला पेशंट येण्याआधी जनरेटरमधून (विजेचा नव्हे, मॉलिब्डेनमपासून टेक्निशियम देणारा) टेक्निशियम-९९एम हे स्कॅनसाठीचं किरणोत्सारी द्रव्य काढलं की त्यात नको असलेलं मॉलिब्डेनम उतरलंय का ते बघायचं असतं. मग पेशंटच्या शरीरातून येणारे किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याची रोजची चाचणी. कॅमेऱ्यातली एखादी फोटोमल्टिप्लायर ट्यूब (किरणांमुळे उमटणारा क्षीण प्रकाश टिपणारी नळी) रुसली की चित्रात गोल फिकट डाग उमटतो. तो पेशंटच्या अवयवातला समजला गेला तर? (मशीन स्वतःहून सांगत नाही हो!) त्यात टेक्निशियमचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) ६ तास, पेट स्कॅनसाठीच्या फ्लोरिन-१८चं जेमतेम ११० मिनिटं. पेशंट उशिरा आला की डोसचं गणित पुन्हा मांडा. उपचारासाठी किरणोत्सारी आयोडीन-१३१ घेतलेल्या पेशंटच्या खोलीतलं सांडपाणी बऱ्याच ठिकाणी किरणोत्सार कमी होईपर्यंत टाक्यांत साठवून ठेवतात, त्याचाही हिशेब आमच्याकडेच.